गुलाबी मीठ

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना ऊत येतो. पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी एक तरी वरात जाते आणि तिच्यामागून जनरेटरची गाडी धूर सोडत रांगत असते. कपड्यांच्या दुकानांतल्या बाहुल्यांना शेरवान्या चढतात. फुलवाल्याकडे झेंडू मागे सरकतो आणि कुठल्याही झाडाला येत नसावीत अशी निळी फुलं पुढे येतात. लिफ्टमध्ये बायका एकमेकींना विचारतात, “आपका थीम क्या था?” पूर्वी लग्नात मानपान काय झालं असं विचारायचे, आता थीम विचारतात. मला कोणी विचारलं तर मी सातव्याऐवजी पाचव्या मजल्यावरच उतरते आणि उरलेले दोन जिने चढून जाते.

मला हा मोसम सोसत नाही. दोन वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँडं, अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या आणि कधीच न लागणारे काटेचमचे यांच्यामध्ये तागाची एक छोटी थैली पडलेली आहे. तिच्यावर वळणदार अक्षरांत माझ्या लेकीचं आणि जावयाचं नाव आहे, खाली एक होडी, आणि आत मूठभर गुलाबी मीठ. ऋतुजाच्या, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात आम्ही चारशे पाहुण्यांच्या हातात हे मीठ ठेवलं. रिटर्न गिफ्ट! उरलेल्यांपैकी ही शेवटची थैली. मी ती फेकत नाही आणि भाजीतही घालत नाही. सुधीर, माझा नवरा, दर दिवाळीच्या साफसफाईत ती उचलतो, माझ्या तोंडाकडे बघतो आणि परत ठेवतो.

लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनी एकच इच्छा सांगितली होती: सगळं नीट व्हावं. नीट म्हणजे नक्की काय, हे आम्हा दोघांना उमगेना, म्हणून ऋतुजाने प्लॅनर आणली. हेतल तिचं नाव. तिशीच्या आतली, चटपटीत, कामाला वाघ. तिच्याविषयी मला आजही वाईट बोलता येत नाही आणि याचाच मला राग येतो. बेव्हर्ली पार्कातल्या एका कॅफेत तिने लॅपटॉप उघडला आणि थीमांची ताटं वाढायला घेतली. पेशवाई थीम घेतली तर तुतारीवाले दोन आणि मावळे चार. मावळे पेशवाईत कसे, हे सुधीरने विचारलं, पण ते कोणी ऐकलं नाही. राजस्थानी घेतली तर उंट मिळेल, पण परवानगीची कटकट. बोहो म्हणजे जिकडे तिकडे वाळलेलं गवत. व्हिंटेजमध्ये पितळेचे डबे आणि कंदील भाड्याने येणार. तसले डबे मी त्याच्या दोन वर्षं आधीच भंगारवाल्याला देऊन टाकले होते. मग रिटर्न गिफ्टांची यादी: रोपाची कुंडी, मधाची बाटली, वासाची मेणबत्ती, अत्तराची कुपी. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही आपली जुनीच रीत, पण आमच्याकडे नारळ द्यायचे आणि नारळावर कोणाचं नाव नसायचं.

“लेकिन आंटी, आप लोग ओरिजिनली कहाँ के?” हेतलने विचारलं.

“गिरगाव,” सुधीर म्हणाला.

“चाळ थीम है मेरे पास, अंकल, पर वो अभी कॉमन हो गया है. आंटी आप?”

या प्रश्नाला तीस वर्षं मी ‘भाईंदर’ असं उत्तर देत आले होते. भाईंदर मोठं आहे, त्यात काहीही लपतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी ‘मुर्धा’ म्हणाले, भाईंदरजवळचं आमचं गाव. म्हणाले की आम्ही आगरी, आमची माणसं मिठागरात राबायची, आणि माझी काकी अजून मुर्ध्यात आहे, ती धवलारीण आहे. धवलारीण म्हणजे काय, हेही मग सांगावं लागलं. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. हळद दळण्यापासून पोर सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते. तिने गायलं नाही तर मांडव नुसताच बांबूंचा.

हेतलचे डोळे लकाकले. “आंटी! ये तो सोना है! सॉल्ट थीम करेंगे. एकदम ऑथेंटिक.”

ऋतुजाने माझा हात धरला. “आई, तू हे कधी बोललीच नाहीस! किती भारी आहे हे.”

आणि मी फुगले. खोटं कशाला बोलू? कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी ‘न्हाय’ म्हटलं आणि मागच्या बाकावरून तो ‘न्हाय’ वर्षभर माझ्यामागे आला. तेव्हापासून मी जीभ घासून घासून स्वच्छ केली. हापिसात लोक मला पुण्याची समजायचे आणि मी त्यांचा गैरसमज दूर करायचे नाही. सुधीरला माझ्यात पहिल्यांदा काय आवडलं, तर माझं शुद्ध बोलणं. काकी म्हणायची, “आमची पोर रेडिओवानी बोलतं.” जे मी जन्मभर दडवलं ते एका लॅपटॉपवाल्या मुलीने सोनं ठरवलं, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. स्वतःच्या गावाचा अभिमान वाटायला मला एक प्लॅनर लागली.

मुर्ध्याचं मीठ गुलाबी नव्हतं. ते करड्या रंगाचं होतं, जाड, ओलसर, आणि त्याला चिखलाचा वास यायचा. थंडीत खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने ते आटायचं आणि मग लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढायचं. त्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागे. माझी आई आणि काकी शेजारी शेजारी तुडवायच्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, आणि काकी पायांच्या ठेक्यावर गात असायची. त्या दोघी जावा होत्या, पण गावात त्यांना बहिणी समजायचे. मी नऊ वर्षांची होते तेव्हा आई गेली. तीन दिवसांचा ताप, एवढंच. काकीला मूलबाळ नव्हतं. बाराव्याला आलेल्या बायका मला कोणाकडे ठेवायचं याची चर्चा करत होत्या, तेव्हा काकीने माझ्या डोक्यावर तेल थापलं आणि वेणी घालायला घेतली. चर्चा तिथेच संपली.

धवले मला कधी नीट आले नाहीत. काकी मागे लागायची, “येक तरी शीक गं बाय, माज्यामागं कोन गाईल?” मला परीक्षा असायची. कायम कुठली तरी परीक्षा असायची. पण ऐकून ऐकून त्यातला एक भाग माझ्या कानात पक्का बसला होता. मांडव उभा राहिला की काकी आधी देवांना बोलावायची, मग गावाच्या वेशीला, खाडीला, मिठागराला, आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला या, मांडवाखाली बसा, पोरीला हात लावा. आधी पुरुष, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मग बायका. आणि सगळ्यांत शेवटी, अर्ध्या वयात गेलेली माणसं. त्यांना शेवटी का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. काकी म्हणाली होती की ती लाजतात, दारातच उभी राहतात, आपलं लग्नकार्यात काय काम असं त्यांना वाटतं. म्हणून बाकी सगळे बसले की मग त्यांना हाताला धरून आत आणायचं. त्यांच्यासाठी ती एक पाट रिकामा ठेवायची.

माझं लग्न मुर्ध्यातच झालं, आमच्या घरापुढच्या अंगणात. जातीबाहेरचा नवरा म्हणून बाबा तयार नव्हते. काकी त्यांना म्हणाली, “मी धवला गायल्याबिगर पोर घरातशी जाव द्यायची न्हाय, आन मी गानारच हाय.” गिरगावची मंडळी खुर्च्यांवर अवघडून बसली होती. माझी एक चुलतसासू कुजबुजली, हे गाणं संपतं कधी? काकीने ते ऐकलं आणि आणखी सावकाश गायला लागली. पणजोबा आले, आजोबा आले, आजी आली. मग तिचा आवाज खाली आला, आणि तिने आईचं नाव घेतलं. जानकी. ये गं जानके, आत ये, पोर बघ तुझी. मी त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या क्षणी आई त्या पाटावर बसली होती आणि यात मला आजही शंका नाही.

निघताना मी काकीच्या गळ्यात पडून म्हणाले, “माझ्या पोरीच्या लग्नात पण तूच गायचंस. आईला बोलवायचंस.” काकीने माझ्या डोळ्यांवरून पदर फिरवला. “बोलवंन,” ती म्हणाली.

ऋतुजाच्या लग्नाला काकी पंच्याहत्तरीच्या पुढे होती. हेतलने तिला दहा मिनिटं दिली होती.

मिनिटामिनिटाचा कागद असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. नवऱ्याची एंट्री, नवरीची एंट्री, धूर कधी, फुलं कधी, पहिलं ताट कधी. त्यात एका रकान्यात लिहिलं होतं: ‘फोक सिंगर, दहा मिनिटं.’ मी हेतलला म्हणाले, अगं, ती फोक सिंगर नाही, ती लग्न लावते. हेतल अगदी प्रेमाने म्हणाली, “आंटी, पंडितजी को भी चालीस ही दिया है. गेस्ट बोअर हो जाते हैं.” ऋतुजा म्हणाली, “आई, दहा मिनिटं खूप असतात गं.” मला माहीत होतं की नुसते देवच दहा मिनिटं घेतात. मी गप्प बसले. वाद घातला असता तर व्याह्यांना वाटलं असतं, यांचं गावठी काहीतरी चाललंय. तीस वर्षांची सवय माझी, ती अशी एका कॅफेत जात नाही.

काकीला सांगायला मी मुर्ध्याला गेले. वाटेत पूर्वी जिथे मीठ चमकायचं तिथे आता गवत आणि पत्र्याची कुंपणं आहेत, पलीकडे इमारतींचे सांगाडे. काकी ओटीवर बसून लसूण सोलत होती. तिने आधीच पाट धुऊन उन्हात उभा केला होता. मी इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, “काकी, तिथे जरा आटपतं घे हं.”

“देवाना सांगू आटपा?” ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. खरं सांगायचं तेव्हा मी हसले.

मग मी तिला थैल्या दाखवल्या. हेतलने आधी मुर्ध्याचंच मीठ घालू म्हटलं होतं. पण आता तिथे मीठ पिकतं कुठे? कोणाच्या तरी ओळखीने पलीकडच्या एका मिठागरातलं किलोभर आणवलं. हेतलने ते थैलीत घालून फोटो काढला, मोठा करून पाहिला आणि नाक मुरडलं. “थोडा डर्टी लग रहा है, आंटी.” मग पॅकेटातलं गुलाबी मीठ आलं, कुठल्याशा डोंगरातलं. थीमच्या रंगाला ते जुळत होतं.

काकीने चिमूटभर हातावर घेतलं. “याला काय झालंय? बरं न्हाय काय याला?” मग गंभीर झाली. “आन यो हातान देनार लोकाना? मीठ हातान देव नये बाय. भांडान होतं. खाली ठेवाचा, मंग समोरच्यान उचलाचा.”

“अगं, थैलीत आहे ना,” मी म्हणाले. “वर रिबीनही आहे.”

काकीने चिमूट परत थैलीत सोडली आणि हात पदराला पुसला.

लग्न मार्गशीर्षात झालं, सकाळी, भाईंदरच्या एका हॉलमध्ये. दारात पाय ठेवला आणि मला हसावं का रडावं कळेना. छतभर कोळ्यांची जाळी टांगलेली होती, त्यांत प्लॅस्टिकचे खेकडे, शिंपले, नांगर. मिठागर आणि मासेमारी यातला फरक हेतलला मी सांगितला होता, पण जाळी फोटोत चांगली दिसतात. आमच्या सात पिढ्यांत कोणी होडीत बसलं नव्हतं आणि माझा जावई चाकं लावलेल्या लाकडी होडीतून येणार होता. काकी हिरवं लुगडं नेसून आली होती, कपाळावर मोठं कुंकू, काखेत पाट. ती दारात थबकली, वर जाळ्यांकडे बघितलं आणि मला म्हणाली, “यो कोनाचा लगीन हाय गं?”

तिला मी हसून आत नेलं. तिचा पाट मी स्वतः मांडवात ठेवला. पाचच मिनिटांनी पाहिलं तर सजावटीच्या माणसाने त्यावर एक पितळी कंदील आणून ठेवला होता. छान दिसत होता. मी तो हलवला नाही, कारण समोर कॅमेरा लागला होता.

काकीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. हातात माईक धरायची तिला सवय नव्हती, म्हणून कॉलरला लावतात तसला छोटा तिच्या लुगड्याला लावला होता. आवाज चिरलेला होता, पण खणखणीत. निम्मा हॉल गप्प झाला, हे मला कबूल केलं पाहिजे. मोबाइल वर उठले. देव आले. वेस आली, खाडी आली, मिठागर आलं. मी घड्याळाकडे बघत होते. माझ्या मुलीचं लग्न चाललेलं, माझी काकी माझ्या माणसांना हाका मारतेय, आणि मी घड्याळाकडे बघत होते! पोशा आले, माझे पणजोबा. धर्मा आले, आजोबा. बाळाराम, माझे बाबा. मग बायका. चांगुणा पणजी. ठकू आजी. कोपऱ्यातून हेतलने माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या आणि मनगटावर बोट आपटलं. तिने मला विचारलं होतं. ती नेहमी विचारायची. मी नुसतं डोकं हलवून नाही म्हटलं असतं तर ती थांबली असती.

मी मान डोलावली.

काकीचा आवाज खाली येत होता, तसाच, माझ्या लग्नातल्यासारखा. तिने श्वास घेतला. आणि हॉलभर ढोल वाजले, धूर सुटला, होडी आली. लोक होडीकडे धावले. काकीचे ओठ हलताना मला दिसले, पण माईक बंद झाला होता. मग तेही थांबले. तिने कंदील उचलून जमिनीवर ठेवला, पाट काखेत मारला आणि मागे जाऊन झालरीच्या खुर्चीवर बसली.

ती भांडली नाही. जेवली, ऋतुजाला आशीर्वाद दिला, जावयाच्या गालावरून हात फिरवला. मला विचारलं, “तू जेवलंस काय?” निघताना दारातल्या मुलीने थैली पुढे केली तेव्हा तिने हात मागे घेतला. “खाली ठेव,” म्हणाली. मुलगी गोंधळली, थैली टेबलावर ठेवली. काकीने ती उचलली नाही. माझ्या खणात अजून आहे ती तीच.

ऋतुजा आता बंगळुरूला असते. लग्नाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ तिने टाकला होता, त्यात काकी चार सेकंद आहे. खाली कोणीतरी लिहिलंय, ‘ग्रॅनी गोल्स’, म्हणजे आजी असावी तर अशी. मी एकदा तिला फोनवर सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, “आई, मला माहीत असतं तर मी थांबवलं असतं ना. तू का नाही बोललीस?” बरोबर आहे तिचं. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला कॉलेजच्या मागच्या बाकापासून सुरुवात करावी लागेल. सुधीर म्हणतो, झालं ते झालं. त्याचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर असतं आणि मी एकटीच खण उघडून बसते.

त्या उन्हाळ्यात मी मुर्ध्याला खेपा घातल्या. आंबे नेले, औषधं नेली, ओटीवर बसून लसूण सोलला. काकी सगळं बोलायची, लग्नाचं सोडून. एकदा मीच विषय काढला, म्हटलं, काकी, राहिलेलं आत्ता म्हण, मी मोबाइलवर घेते. तिने हातातली पाकळी सोलून ताटात टाकली. मग म्हणाली, “मांडव कंय हाय? मना मांडव दाव, मी गातंय.” आणि माझ्याकडे न बघता, “तुजी आयस भायेर रेली, पोरी.”

आई बाहेर राहिली. त्यात दोष नव्हता, राग नव्हता. भात करपला किंवा पाणी गेलं हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात तिने ते सांगितलं. मला तिने कानफटात मारली असती तर मी तिचे उपकार मानले असते.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीनंतर काकी गेली. धवले पूर्ण येणारं गावात आता कोणी नाही. एक-दोघींना तुकडे येतात, पण आमच्या घरातल्या माणसांची नावं त्यांना कुठून येणार?

हे सगळं आज लिहायचं कारण असं की परवा आमच्या मजल्यावरच्या जिग्नाबेनच्या मुलीचं लग्न झालं. जिग्नाबेन म्हणजे चांगली बाई, आजारपणात मला सूप आणून देणारी. जूनमध्ये तिने माझ्याकडून हेतलचा नंबर घेतला होता. मी दिला. नाही कसा म्हणणार? “आपकी ऋतुजा जैसा ही थीम चाहिए उसको,” ती म्हणाली होती. म्हणून मी मनाची तयारी करूनच हॉलमध्ये गेले. जाळी होती, खेकडे होते. होडीला नवा रंग दिला होता. दारात शिवलेली नऊवारी घातलेली एक मुलगी हसतमुखाने उभी होती, कमरेवर टोपली, टोपलीत थैल्या. तिने थैली माझ्या हातात दिली. मी तळहात पसरून घेतली.

मग मला आवाज ऐकू आला.

आधी वाटलं, माझ्याच कानात वाजतंय. पण तो स्पीकरमधून येत होता, बारीक आवाजात, लोकांच्या गप्पांच्या मागे, मागून समुद्राच्या लाटा मिसळलेल्या. काकी गात होती. त्या दिवशी माईकमधून जे गेलं ते कोणीतरी जपून ठेवलं होतं, आणि आता ते थीमचा भाग झालं होतं. जिग्नाबेनचे पाहुणे सरबत पीत होते आणि माझी मेलेली काकी माझ्या पणजोबांना त्यांच्या मांडवात बोलावत होती. पोशा, या. धर्मा, या. माझे बाबा, ज्यांनी मुर्ध्याबाहेर फारसं पाऊल ठेवलं नाही, ते इथे कोणाच्या पाटावर बसणार? चांगुणा, ये. ठकू, ये. मी जागच्या जागी उभी राहिले. आवाज खाली आला. तो श्वास आला, तो मला हजारांत ओळखू येईल. आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. देव, वेस, खाडी.

मी तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा सगळे आले. या मोसमात मीरा-भाईंदरमध्ये जिथे जिथे ही जाळी टांगली जातील तिथे तिथे ते सगळे येतील, आणि प्रत्येक वेळी त्या श्वासापाशी दार बंद होईल. मी मान डोलावली होती, त्या जागी.

चौथ्यांदा तो श्वास आला तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “जानकी.”

जिग्नाबेन शेजारीच उभी होती, नवी साडी, डोळे आनंदाने भरलेले. तिने आजूबाजूला पाहिलं. “कौन जानकी? किसको बुला रहे हो आप?”

सांगता आलं असतं. माझी आई, मुर्ध्याची, मिठागरात राबायची. तीन वाक्यं. आवाज पुन्हा देवांपाशी गेला होता.

“कोई नहीं,” मी म्हणाले आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.